अपात्रतेचा निकाल आणि ग्वाल्हेरचे मैदान

ग्वाल्हेरला जाणारा मराठी प्रवासी फुलबागेजवळच्या समाधीपुढे नतमस्तक होतो आणि किल्ल्याकडे वळतो. त्याच शहरात झाशीच्या राणीचे आणखी एक स्मारक आहे, तिकडे त्याची पावले क्वचितच जातात. सत्तावनच्या संग्रामाच्या शताब्दी वर्षात, ऑगस्ट १९५७ मध्ये, केंद्र सरकारने येथे लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. आज ते लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था म्हणून ओळखले जाते. हे नाव केवळ शताब्दीच्या भरात दिले गेले असेल. पण ते नेमके बसले आहे. लक्ष्मीबाईंच्या हाती तलवार शोभली ती आधी आखाडा घडला होता म्हणून.

मोरोपंत तांबे काशीत चिमाजी अप्पांच्या पदरी होते. तेथे जन्मलेली त्यांची मुलगी मणिकर्णिका, म्हणजे मनू, लहानपणीच आईला मुकली आणि वडिलांबरोबर ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला आली. घोडदौड, शस्त्रे, अक्षरओळख हे सारे ती तेथे शिकली. चरित्रकार याला दैवी लक्षण मानतात. खरे कारण साधे असावे: आईविना वाढणारी ही मुलगी वडिलांच्या आसपास, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत राहिली आणि तिला तेथून कोणी उठवले नाही. १८४२ मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह होऊन ती लक्ष्मीबाई झाली.

झाशीतील त्यांचा दिनक्रम आपल्याला कळतो तो मुख्यतः वरसईच्या विष्णुभट गोडशांमुळे. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेलेला हा कोकणी भिक्षुक नेमका बंडाच्या वावटळीत सापडला. त्यांच्या ‘माझा प्रवास’मधील राणी पहाटे उठून मल्लखांब करते, घोडा फिरवते आणि कधी पुरुषी पोशाखात दरबारात बसते. त्यांच्या अश्वपरीक्षेची एक गोष्ट सांगतात. दिसायला सारखेच उमदे असे दोन घोडे विक्रीस आले. राणीने दोहोंवर बसून रपेट केली आणि एकाला नाकारले. त्याच्या छातीत जुनी दुखापत होती. बाह्य रूपावरून निवाडा करायचा नाही, चालवून पाहायचे, ही त्यांची रीत.

त्यांच्या स्वतःच्या बाबतीत मात्र निवाडा दूरवरच्या कचेरीत झाला. पोटचा मुलगा काही महिन्यांचा होऊन गेला होता. नोव्हेंबर १८५३ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, गंगाधररावांनी आप्तांपैकी आनंदराव या बालकाला शास्त्रोक्त दत्तक घेतले व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. कंपनीचे अधिकारी त्या प्रसंगी हजर होते. तरीही गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी हा वारस अपात्र ठरवला आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. लक्ष्मीबाईंनी खलिते धाडले, जॉन लँग या वकिलाचा सल्ला घेतला, प्रकरण लंडनपर्यंत नेले. त्यांचा युक्तिवाद भावनेचा नव्हता. १८१७ चा तह आणि ओरछा व दतिया या शेजारी संस्थानांत मान्य झालेली दत्तकविधाने त्यांनी पुढे ठेवली. एकाला लागू होणारा नियम दुसऱ्याला का नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तरादाखल दरमहा पाच हजार रुपयांचा तनखा देऊ करण्यात आला.

पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजने झाशीला वेढा घातला, तेव्हा तटावरील तोफांपाशी राबणाऱ्या आणि दारूगोळा वाहणाऱ्या स्त्रिया इंग्रजांनी पाहिल्या. एप्रिलच्या आरंभी राणी काल्पीकडे निसटल्या. १ जूनला ग्वाल्हेर क्रांतिकारकांच्या हाती आले आणि जयाजीराव शिंदे आग्र्यास गेले. पेशवाईचा समारंभ थाटात पार पडत होता, तेव्हा इंग्रज फौज वेगाने जवळ येत होती. कोटा की सराय येथील लढाईत स्वाराच्या वेषात लढताना लक्ष्मीबाई जखमी झाल्या व गंगादासांच्या मठाजवळ त्यांचा अंत झाला. इंग्रजी कागदपत्रांत ती तारीख १७ जून आहे, आपण १८ जून पाळतो.

त्यांच्या नावाने ग्वाल्हेरात मैदान उभे राहिले, त्यानंतर नऊच वर्षांनी, १९६६ मध्ये, बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत धावपटू स्त्रियांना विवस्त्र होऊन डॉक्टरांपुढे उभे राहावे लागले. उद्देश एकच: स्त्री असल्याची खात्री. १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रांची तपासणी आली. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होजे मार्टिनेझ पतिन्यो १९८३ मध्ये या तपासणीत उत्तीर्ण ठरली होती. १९८५ मध्ये कोबे येथे ती आपले प्रमाणपत्र घरी विसरली, पुन्हा तपासणी झाली आणि ती अपात्र ठरली. बातमी फुटली, तिची पदके व शिष्यवृत्ती गेली. तिच्या पेशींत वाय गुणसूत्र होते, पण शरीर टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हते; म्हणजे ज्या लाभाच्या संशयाने तिला बाहेर काढले, तो लाभ तिला नव्हताच. १९८८ मध्ये तिची पात्रता परत मिळाली, उमेदीची तीन वर्षे परत मिळाली नाहीत.

भारतात २००६ मध्ये संती सौंदरराजनचे आशियाई रौप्यपदक काढून घेतले गेले. द्युती चंदला २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळण्यात आले; ती क्रीडा लवादाकडे गेली आणि जुलै २०१५ मध्ये तो नियमच स्थगित झाला. झाशीच्या अर्जाला लंडनमध्ये असा लवाद मिळाला नव्हता. आपल्या गोव्याच्या प्रतिमा गावकरपर्यंत तर अर्ज करण्याची वेळच आली नाही. २००१ मध्ये चाचणीतील निकालाची वाच्यता झाल्यानंतर या तरुण खेळाडूने आपले जीवन संपवले.

स्त्रियांचा स्वतंत्र गट हवाच, याबद्दल वाद नाही. पौगंडावस्थेतील टेस्टोस्टेरॉनमुळे वेगात व ताकदीत पडणारा फरक खरा आहे. शर्यतीत शेकडाभर सेकंदाने चौथी येणाऱ्या मुलीलाही न्याय मागण्याचा तितकाच हक्क आहे, आणि तिची बाजू मांडणाऱ्यांना निर्दय ठरवणे सोपे असले तरी रास्त नाही. पण नियम आधी ठाऊक असावा, सर्वांना सारखा लागावा, निकाल गुप्त राहावा आणि त्याविरुद्ध दाद मागता यावी, ही मागणी दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखी आहे. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने स्त्री गटातील जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांसाठी एसआरवाय जनुकाची एकदाच करावयाची चाचणी सक्तीची केली आहे. चाचणी सर्वांनाच असल्याने कोणा एकीकडे बोट दाखवले जाणार नाही, हा तिचा गुण. पतिन्योसारख्या मुलीचा निकाल हाती आल्यावर तिच्याशी कोण, कसे बोलणार, हा प्रश्न खेड्यातून आलेल्या आपल्या खेळाडूंबाबत अधिक बिकट आहे. ग्वाल्हेरसारख्या संस्थांतून बाहेर पडणारे क्रीडाशिक्षकच त्या मुलीला सर्वांत आधी भेटतात.

दामोदरराव त्या रणधुमाळीतून वाचले. पुढे ते इंदुरात राहिले, तुटपुंज्या तनख्यावर, आणि १९०६ मध्ये तेथेच वारले. झाशीवरील त्यांचा हक्क अखेरपर्यंत मान्य झाला नाही.