यादीतले गिऱ्हाईक

१९८७ साली मी पुस्तके टपालाने विकण्याचा छोटासा उद्योग आरंभला होता. दुकान घालायला भांडवल नव्हते; होती ती घरातली एक खोली आणि एका गृहस्थाकडून पैसे मोजून घेतलेली पाचशे पत्त्यांची यादी. डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी भारदस्त नावे होती तीत. ट्रेडलवर पाचशे कार्डे छापून घेतली, घरच्या सगळ्यांनी बसून पत्ते लिहिले. ऐंशीच्या आसपास कार्डे पोस्टमनचा शेरा घेऊन परत आली. उत्तरे आली अकरा, मागण्या चार, आणि त्यातल्या दोन व्ही.पी. सोडवून न घेताच परत पाठवल्या गेल्या. मी पोस्टाला आणि मराठी माणसाच्या वाचनाला मनसोक्त शिव्या दिल्या. माझे कुठे चुकले हे कळले ते पुढे ॲरन माँटगोमेरी वॉर्डचे चरित्र हाती पडल्यावर.

टपालाने दुकान चालवणारा वॉर्ड हा काही जगातला पहिला माणूस नव्हे. परंतु सर्वसाधारण संसाराला लागणारा बहुतेक सगळा माल, न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला, केवळ पत्राच्या आधाराने विकण्याचा धंदा अमेरिकेत रुजवला तो त्याने. न्यू जर्सीतल्या चॅथमचा हा मुलगा लहानपणीच मिशिगनमधल्या नाइल्स गावी आला. घरची गरिबी. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पिंपाच्या फळ्या करणाऱ्या कारखान्यात दिवसाला पंचवीस सेंट, मग विटांच्या भट्टीवर तीस सेंट, अशी मजुरी त्याने केली. पुढे दुकानात नोकरी लागली, मग शिकागो, आणि शेवटी फिरता विक्रेता म्हणून भटकंती.

ही भटकंतीच त्याचे खरे विद्यापीठ ठरली. आगगाडीने, घोडागाडीने तो प्रेअरीतल्या आडगावांत जाई, दुकानदारांना कापड विके आणि दुकानात टेकलेल्या शेतकऱ्यांचे बोलणे ऐके. तक्रार एकच. माल शिकागोहून निघतो तेव्हा त्याचा भाव एक असतो. मधले अडते, घाऊक व्यापारी, गावचा दुकानदार असे टप्पे ओलांडत तो शेतकऱ्याच्या हाती पडतो तेव्हा भाव भलताच झालेला असतो. शिवाय उधारी. पीक येईपर्यंत खाते चालायचे, त्यामुळे भावाबद्दल हुज्जत घालायची सोय नाही. आपल्या खेड्यांतली वाण्याची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वॉर्डच्या मनात आले, की रोखीने घाऊक माल घ्यावा, रोखीनेच विकावा आणि मधले टप्पे गाळावेत.

त्याने पैपै साठवून माल जमवला आणि ऑक्टोबर १८७१ मध्ये शिकागोला लागलेल्या प्रचंड आगीत तो सगळा जळून गेला. दुसरा एखादा पुन्हा नोकरीच्या वाटेला लागला असता. वॉर्डने ऑगस्ट १८७२ मध्ये दोन भागीदार आणि सोळाशे डॉलर्स घेऊन पुन्हा सुरुवात केली. त्याची पहिली जाहिरात म्हणजे आठ बाय बारा इंचांचा एकच कागद. त्यावर १६३ वस्तू आणि त्यांचे भाव. वर्षभरात भागीदार निघून गेले. मग साडू जॉर्ज थॉर्न सोबतीला आला आणि ही जोडी टिकली.

आता मुद्द्याची गोष्ट. हा कागद त्याने कोणाला पाठवला? शेतकऱ्यांची ‘ग्रेंज’ नावाची संघटना १८६७ साली निघाली होती. गावोगाव तिच्या शाखा होत्या. १८७५ च्या सुमारास सभासद आठ लाखांच्या वर गेले. हे सभासद आधीच दलालांवर चिडलेले, एकत्र बसणारे, एकमेकांचे ऐकणारे. वॉर्डने आपले दुकान या ग्रेंजवाल्यांचे दुकान म्हणूनच पुढे आणले, त्यांना पैसे भरायला दहा दिवसांची सवलत दिली. एका शाखेत एकाचा माल चांगला निघाला की बाकीच्यांना वेगळे पत्र लिहावे लागत नसे. माझ्या यादीत पाचशे माणसे होती, पण ती एकमेकांची कोणीच नव्हती! पुढे मी तालुक्यातल्या साठ वाचनालयांच्या चिटणिसांना पत्रे घातली तेव्हा एकोणीस मागण्या आल्या. कार्ड तेच होते, भावही तेच.

पण नुसत्या यादीने भागत नाही. न पाहिलेल्या माणसाला पैसे पाठवायचे कसे, ही गिऱ्हाइकाची खरी भीती. १८७३ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने वॉर्डच्या पेढीला लबाड ठरवून शेतकऱ्यांना सावध केले. इतके स्वस्त म्हणजे नक्कीच फसवणूक, असा सरळ हिशेब. थोड्याच दिवसांत पत्राला ते मागे घ्यावे लागले. माल आधी उघडून पाहावा, मगच पैसे द्यावेत, अशी सोय वॉर्डने ठेवली होती, आणि १८७५ पासून पसंत न पडल्यास पैसे परत देण्याची हमी छापली. आपल्याकडे १८७७ साली व्ही.पी. पद्धत आली तीही याच अविश्वासावरचा तोडगा होती. फक्त आपल्याकडे पाकीट फोडून बघायच्या आधी पैसे मोजावे लागत.

मग मात्र गाडी भरधाव निघाली. १८८३ च्या सूचिपत्रात २४० पाने आणि सुमारे दहा हजार वस्तू होत्या. १९०४ मध्ये प्रत्येकी चार पौंड वजनाची तीस लाख सूचिपत्रे टपालात पडली. शेतकरी पेढीला घरच्या माणसासारखी पत्रे लिहू लागले. एखाद्याने बायको शोधून द्या अशी विनंतीही केली. गावोगावचे दुकानदार खवळले, काही ठिकाणी सूचिपत्रांच्या होळ्या झाल्या. त्यांचा राग मला सर्वस्वी अन्यायाचा वाटत नाही. दुष्काळात उधार देणारा तोच होता, वॉर्ड नव्हे. ही बाजू वॉर्डच्या चरित्रात अंग चोरून उभी असते.

नंतर रिचर्ड सिअर्स आला, अधिक चटकदार भाषा घेऊन, आणि १९०० पर्यंत विक्रीत पुढे गेला. वॉर्ड तोवर धंद्यातून जवळजवळ बाजूला होऊन वेगळ्याच भांडणात गुंतला होता. शिकागोच्या सरोवरकाठची मोकळी जमीन मोकळीच राहावी, तिथे इमारती नकोत, म्हणून १८९० पासून तो कोर्टात गेला. वीस वर्षे भांडला. संग्रहालयाला विरोध करतो म्हणून शहरातल्या प्रतिष्ठितांनी त्याला हटवादी ठरवले, खर्च त्याच्याच खिशातून झाला, आणि १९११ पर्यंत तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात चार वेळा जिंकला. सरकारी पार्सल टपाल १ जानेवारी १९१३ ला सुरू झाले, ज्याची त्याच्या धंद्याला चाळीस वर्षे गरज होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वॉर्ड वारला.

पेढीचे सूचिपत्र १९८५ मध्ये बंद पडले, २००१ साली दुकानेही मिटली. सरोवराच्या काठावरची ग्रँट पार्कची हिरवळ मात्र अजून आहे, आणि तिथे फिरायला येणाऱ्या माणसाला पत्ता लिहून बोलवावे लागत नाही.