आधी पंगत एक केली, मग शाळा काढल्या



सातारा-सांगलीकडे ‘रयत’चं नाव ठाऊक नाही असं घर सापडणं अवघड. पण ही संस्था उभारणारे कर्मवीर भाऊराव पाटील शेतकरी घरातले होते आणि एके काळी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत खेडोपाडी फिरत होते, हे नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. घराणं वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचं. कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकत असताना, १९०८ साली ते अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच जेवायला बसा, असं त्यांना बजावण्यात आलं. त्यांनी ऐकलं नाही. वसतिगृह सोडावं लागलं, पण माघार घेतली नाही.

त्या काळी खेड्यातलं पोर हुशार असलं तरी शाळा लांब असायची, आणि परगावी राहण्या-जेवण्याची सोय नसायची. तिथंच शिक्षण संपायचं. म्हणून ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची, कामं वाटून घ्यायची आणि एकाच पंगतीला जेवायची. गावोगावच्या आयाबायांनी मूठ-मूठ धान्य दिलं. पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले. मुलांच्या पोटासाठी शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९२७ साली महात्मा गांधी या वसतिगृहात येऊन गेले.

मुलं गोळा झाली तरी शिकवणारा चांगला हवा. खेड्याची जाण असलेले मास्तर तयार व्हावेत म्हणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढलं. पुढे जिथं शाळाच नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर संस्थेनं ५७८ व्हॉलंटरी शाळा चालवल्या. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. ‘कमवा आणि शिका’ या रीतीनं गरिबाचं पोर स्वतःच्या घामावर शिकू लागलं. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं.

आता शाळा गावात आली. तरीही कोण बाहेर राहतंय, ते बघा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या आपल्या शिवारात उतरतात. ऊस आपला, पण तो तोडणाऱ्याचं पोर फडात धाकट्या भावंडाला सांभाळत बसतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेता येतं. दाखला नाही म्हणून त्याला परत पाठवता येत नाही. मागं पडलेल्या मुलाला वेगळं शिकवून बरोबरीला आणण्याची तरतूदही त्यात आहे.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी टोळी उतरल्या आठवड्यातच कोप्यांवर जावं, पोरं मोजावीत, यादी मुख्याध्यापकांकडे द्यावी. ज्याच्या फडात टोळी आहे त्या शेतकऱ्यानं मुकादमाशी बोलावं. आणि शाळेत दुपारचा भात वाढताना ती पोरं वेगळी बसत नाहीत ना, एवढं एकदा स्वतः जाऊन बघावं.