गॅस्ताँ रामाँ : लशीला जोड देणारा पशुवैद्य

लस म्हटली की जेन्नर आणि पाश्चर ही नावे शाळकरी मुलालाही आठवतात. गॅस्ताँ रामाँ यांचे नाव फ्रान्समध्ये मानाने घेतले जाते. आपल्याकडे ते क्वचितच कानी पडते. वास्तविक बाळाला टोचल्या जाणाऱ्या घटसर्प-धनुर्वाताच्या लशीत या गृहस्थांच्या दोन कल्पना एकाच कुपीत नांदत असतात.

रामाँ यांचा जन्म १८८६ सालचा, बेलशोम या खेड्यातला. शिक्षणाने ते पशुवैद्य. १९११ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या गार्श येथील शाखेत ते रुजू झाले. तेथे घोड्यांना घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचून, त्यांच्या रक्तात तयार होणारे प्रतिविष आजारी मुलांसाठी काढले जाई. १९२३ मध्ये रामाँ यांनी फॉर्मलिन आणि ऊब यांच्या साहाय्याने त्या विषाची मारकता घालविली, परंतु शरीराला शत्रूची ओळख करून देण्याचा त्याचा गुण शाबूत ठेवला.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण होय. ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू होई, त्यांच्या रक्तात प्रतिविष अधिक सापडे. एखाद्या कारकुनी वृत्तीच्या अधिकाऱ्याने स्वच्छतेचे परिपत्रक काढून विषय मिटविला असता. रामाँ यांनी दाहालाच कामाला जुंपले. १९२५ च्या सुमारास त्यांनी टोचण्याच्या द्रव्यात टॅपिओका, म्हणजे आपल्या उपवासाच्या साबुदाण्याचाच पदार्थ, मिसळून पाहिला, प्रतिविष वाढले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ग्लेनी यांनी तुरटीने तेच साधले, आणि अॅल्युमिनियमचे क्षार लशीत कायमचे आले.

असे का घडते, हे कळावयास विसाव्या शतकाची अखेर उजाडली. शुद्ध केलेले प्रथिन शरीरात शिरले तरी उपजत प्रतिकारव्यवस्थेला, म्हणजे वेशीवरच्या पहारेकऱ्यांना, त्यात धोका दिसत नाही. साहाय्यक द्रव्य त्यांना जागे करते. मग त्या पेशी परक्या अंशाची वर्दी लसिकाग्रंथींपर्यंत नेतात आणि प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशी कामाला लागतात. २०२१ साली आपल्याकडे दिल्या गेलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू निष्क्रिय करून वापरला होता. त्याच्या जोडीस अॅल्युमिनियम क्षारावर बसविलेला एक रेणू होता. विषाणूचा आरएनए ओळखणाऱ्या, टोलसदृश ७ व ८ या ग्राहींना तो चेतवितो. मेलेल्या विषाणूला जिवंत शत्रूचा आव आणून देण्याचाच हा प्रकार!

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला येथे काटकसरही दिसते. २००९ च्या फ्ल्यूच्या साथीत एका साहाय्यकयुक्त लशीची मात्रा ३.७५ मायक्रोग्रॅम होती. साहाय्यकाविना १५ लागत. तेवढ्याच मालात चौपट माणसे! साथीत माल अपुरा असतो, आणि रांगेत शेवटी गरीब देशच उभे असतात.

रामाँ यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी दीडशेहून अधिक वेळा सुचविले गेले, पण ते त्यांना मिळाले नाही. १९४९ ते १९५९ या काळात त्यांनी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय पशुरोग संस्थेची धुरा वाहिली. १९६३ मध्ये ते निवर्तले.