सर आर्थर एडिंग्टन : ताऱ्यांचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सायकलीचा आकडा



शास्त्रज्ञांची चरित्रं आपण वर्गात सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा शोध, पदव्या आणि जन्म-मृत्यूच्या तारखा एवढंच सांगून होतं. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. आज ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांचं नाव आठवी-नववीच्या मुलांनी कदाचित ऐकलंही नसेल. पण सायकलच्या फेऱ्या मोजण्याची त्यांची एक पद्धत होती. ती मुलांना एका तासात कळते, आणि कळली की डोक्यातून जात नाही. हे शास्त्रज्ञ म्हणजे सर आर्थर स्टॅनली एडिंग्टन.

एडिंग्टन यांचा जन्म २८ डिसेंबर १८८२ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या केंडल या गावी झाला. घराणं क्वेकर पंथाचं. साधी राहणी, शांतपणे प्रार्थना आणि युद्धाला ठाम विरोध ही त्या पंथाची ओळख. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. आर्थर दोन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा विषमज्वराच्या साथीत ते गेले. आई दोन्ही मुलांना, म्हणजे आर्थर आणि त्याची मोठी बहीण विनिफ्रेड यांना घेऊन समुद्रकाठच्या वेस्टन-सुपर-मेअर या गावी राहायला गेली. पैशांची ओढाताण होतीच. पण मुलगा आकड्यांचा वेडा होता. नीट वाचता येण्याआधीच त्याचे २४ पर्यंतचे पाढे, तेही २४ पटीपर्यंत, तोंडपाठ झाले होते असं सांगतात. आपल्याकडे पूर्वी पावकी-निमकी घोकून घेत, त्या पिढीतल्या आजोबांना याचं फारसं नवल वाटणार नाही.

पुढचं शिक्षण शिष्यवृत्त्यांवर झालं. सोळावं वर्ष पुरं होण्याआधीच ते मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात दाखल झाले, १९०२ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आले आणि १९०४ मध्ये गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर झाले. रँग्लर हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. आपले रँग्लर परांजपे १८९९ मध्ये याच परीक्षेत सीनियर रँग्लर ठरले होते. एडिंग्टन यांचं वेगळेपण असं की दुसऱ्याच वर्षाला असताना त्यांनी हा मान मिळवला. तसं आधी कुणालाच जमलं नव्हतं.

नंतरचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो कुठल्याही विज्ञानाच्या पुस्तकात मिळेल. काही वर्षं ग्रिनिचच्या वेधशाळेत नोकरी, १९१३ मध्ये केंब्रिजला प्राध्यापकपद, १९१४ मध्ये तिथल्याच वेधशाळेचे संचालक. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यात जायला नकार दिला आणि तो नकार धर्मबुद्धीचा आहे हे उघडपणे सांगितलं. तुरुंगात किंवा मजुरीच्या छावणीत जाण्याची वेळ अगदी जवळ आली होती. वरिष्ठांनी रदबदली केली आणि सूर्यग्रहणाच्या मोहिमेची तयारी करायची या अटीवर त्यांना सूट मिळाली. २९ मे १९१९ रोजी आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या प्रिन्सिपे बेटावर, ढगांच्या फटींतून, त्यांनी खग्रास ग्रहणाची १६ छायाचित्रं घेतली. त्यांतल्या मोजक्याच काचांवर तारे दिसले. तेवढ्यावरून आणि ब्राझीलमधल्या दुसऱ्या तुकडीच्या मोजमापांवरून सूर्याजवळून येणारा प्रकाश वाकतो हे पुढे आलं आणि आइन्स्टाइन जगभर घरोघरी पोचले. ताऱ्यांच्या पोटात काय चालतं यावरचा एडिंग्टन यांचा ग्रंथ १९२६ चा.

एवढं सगळं करणारा हा माणूस स्वभावाने अतिशय बुजरा होता. लग्न केलं नाही. वेधशाळेच्या घरात आई आणि बहीण यांच्यासोबत राहिले. शब्दकोडी सोडवायची, रहस्यकथा वाचायच्या, मित्राबरोबर लांब पायी भटकायचं आणि सायकल चालवायची. सायकलवर बहुतेक वेळा एकटेच. ईस्टरच्या सुट्टीत सायकल काढायची, दिवसभर चालवायची, रात्री एखाद्या खाणावळीत मुक्काम करायचा आणि सकाळी पुढे निघायचं. इथवर विशेष काही नाही, त्या काळात इंग्लंडमध्ये असे भटके पुष्कळ होते. विशेष आहे ते त्यांनी या फेऱ्यांची नोंद कशी ठेवली त्यात.

तुम्ही म्हणाल, नोंद काय ठेवायची? एकूण किती मैल झाले ते लिहायचं. पण जरा विचार करा. रोज दोन-दोन मैल बाजारात जाऊन आलो तरी वर्षाची बेरीज मोठी दिसते, आणि त्या बेरजेवरून तुम्ही लांबचे सायकलस्वार आहात की नाही हे कळत नाही. बरं, सगळ्यात लांबची एक फेरी लिहिली तर? ती एकदाच, तरुणपणी, मित्रांनी पैज लावली म्हणून केलेली असू शकते. एडिंग्टन यांनी दोन्ही टाळलं. त्यांचा आकडा असा : ज्या दिवशी अमुक मैल किंवा त्याहून जास्त सायकल चालवली, असे दिवसही निदान अमुकच भरले पाहिजेत. हे जुळणारा सगळ्यात मोठा आकडा तो तुमचा. ते त्याला नुसतं ‘एन’ म्हणत. आज सायकलवाले त्याला एडिंग्टन आकडा म्हणतात.

वर्गात फळ्यावर हे उदाहरण घ्या. समजा एका मुलीने आठ दिवसांत अनुक्रमे ३, ७, २, ५, ५, ९, ४ आणि ६ किलोमीटर सायकल चालवली. मोठ्यापासून लहानाकडे लावा : ९, ७, ६, ५, ५, ४, ३, २. पाच किंवा जास्त किलोमीटरचे दिवस पाच आहेत, म्हणून तिचा आकडा ५. आता तिला ६ वर जायचंय. सहा किंवा जास्तचे दिवस आहेत फक्त तीन. म्हणजे आणखी तीन फेऱ्या हव्यात, आणि त्या प्रत्येकी सहा किंवा जास्त किलोमीटरच्या. इथेच मुलांचे डोळे मोठे होतात, कारण तिने कष्टाने केलेल्या पाच-पाच किलोमीटरच्या दोन फेऱ्या पुढच्या पायरीला एकदम बाद झाल्या. आता ती रोज पाच किलोमीटर चालवत राहिली तर शंभर दिवसांनीही आकडा ५ चा ५ च.

सुरुवातीला हा आकडा भराभर वाढतो. पंधरा, वीस, पंचवीस सहज होतात. चाळिशीच्या पुढे तो हट्टी होतो. एकेक पायरी चढायला कित्येक लांब फेऱ्या लागतात आणि चढल्यावर जुन्यांतल्या काही गळून पडतात. एकाच दिवशी २०० मैल मारले तरी ती एकच फेरी. ज्याला आकडा मोठा हवा त्याला वर्षानुवर्षं बाहेर पडावंच लागतं.

एक बारकी गोष्ट गणिताच्या शिक्षकांसाठी. हा आकडा मैलात मोजला तर एक येतो आणि किलोमीटरमध्ये मोजला तर वेगळा. नुसतं १.६ ने गुणून चालत नाही, सगळ्या फेऱ्या पुन्हा मांडून मोजाव्या लागतात. का, ते मुलांना शोधू द्या.

आता एडिंग्टन कुठवर पोचले होते ते पाहू. हे आपल्याला कळतं ते एका भारतीय माणसामुळे, आणि ती गोष्ट साधी नाही.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० मध्ये मद्रासहून केंब्रिजला गेले. विशिष्ट वजनापेक्षा, म्हणजे सूर्याच्या साधारण १.४ पटीपेक्षा, जड असलेला तारा म्हातारपणी श्वेतबटू होऊन शांत बसू शकत नाही, तो कोसळतच जातो असं त्यांचं गणित सांगत होतं. एडिंग्टन त्यांच्या खोलीवर येत, काम कुठवर आलं याची चौकशी करत. आणि जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत चंद्रशेखर यांचं भाषण संपताच त्याच एडिंग्टननी उठून ते सगळं मोडीत काढलं. सभा हसली. चंद्रशेखर तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते. पुढे चंद्रशेखर बरोबर ठरले आणि १९८३ चं नोबेलही त्यांना मिळालं, पण त्या संध्याकाळी त्यांच्या बाजूने कुणी उघडपणे बोललं नाही. माझ्या मते एडिंग्टन यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात न शोभणारं वागणं, आणि मुलांना चरित्र सांगताना ते गाळू नये.

तरीही दोघांचं बोलणं तुटलं नाही. चंद्रशेखर अमेरिकेत गेल्यावर पत्रं चालू राहिली, आणि त्या पत्रांत ताऱ्यांबरोबर सायकलही असे. १९३८ च्या पत्रात एडिंग्टन कळवतात की आकडा अजून ७५ वरच अडलाय. ईस्टरच्या सुट्टीत वेल्सच्या दक्षिण भागात हवा आणि मुलूख दोन्ही झकास मिळाले, पण नशीब आडवं आलं. दोन फेऱ्या झाल्या त्या पावणेपंचाहत्तर मैलांच्या, म्हणून हिशेबात धरल्या नाहीत. पुढच्या उडीसाठी अजून चार फेऱ्या हव्यात.

इथे थांबा आणि मुलांना विचारा : त्यांच्या वहीत तेव्हा ७६ मैल किंवा जास्त अशा किती फेऱ्या असतील? उत्तर ७२.

पावणेपंचाहत्तर मैल म्हणजे १२० किलोमीटर. पुण्याहून साताऱ्याला जाऊनही थोडे उरतील. पंचावन्न वर्षांच्या माणसाने असं अंतर एका दिवसात कापलं, तेही दोनदा, आणि वहीत त्याची किंमत शून्य धरली. वही तपासायला कुणी येणार नव्हतं. पाव मैल कुठे वाढवला असता तर कुणाला कळणार होतं? लंडनच्या त्या सभेतला माणूस आणि हा वहीतला माणूस एकच, हे मला अजूनही नीट जुळवता येत नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. रात्रीच्या मुक्कामाला जागा मिळेल याचा भरवसा उरला नाही, म्हणून १९४० नंतर लांबच्या सहली बंद पडल्या. उरल्या त्या सकाळी निघून रात्री घरी परतायच्या फेऱ्या. १९४३ च्या पत्रात आकडा ७७ झाल्याची बातमी आहे. शेवटची उडी केंब्रिजजवळच्या फेन प्रदेशात ८० मैलांच्या फेरीने मिळाली होती. फेन म्हणजे दलदल उपसून केलेली सपाट जमीन, चढ नाही पण वाराही अडत नाही. तेव्हा ते साठीचे होते. त्यांचा अखेरचा आकडा आज ८४ असा दिला जातो. ८४ साठी निदान ८४ गुणिले ८४, म्हणजे ७०५६ मैल या लांब फेऱ्यांतच व्हावे लागतात, छोट्या फेऱ्या वेगळ्याच.

पालकांसाठी दोन शब्द. हल्ली मोबाईलवरची काही ॲप हा आकडा आपोआप काढून देतात. तरी मुलांना निदान महिनाभर वहीत लिहू द्या, तारीख आणि अंतर एवढंच. सायकल नसेल तर रोजची वाचलेली पानं किंवा दोरीवरच्या उड्या घेऊनही हे जमतं. मात्र सगळ्या मुलांचे आकडे तक्त्यावर लावून पहिला-दुसरा काढू नका. एडिंग्टन यांनी हा आकडा स्वतःसाठी ठेवला होता आणि सांगितला तो मित्राला. शिवाय सातवीतल्या मुलाच्या घरापुढे डांबरी रस्ता आहे की घाट, यावरही तो ठरतो.

कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर, म्हणजे जयंत नारळीकरांचे वडील, हेही त्याच काळात केंब्रिजला होते आणि एडिंग्टन यांच्याजवळ काम करून १९३२ मध्ये बनारसला गणिताचे प्राध्यापक झाले. मराठी घरांत एडिंग्टन हे नाव पोचलं ते बरंचसं या वाटेने.

२२ नोव्हेंबर १९४४ रोजी कर्करोगाने एडिंग्टन यांचं केंब्रिजमध्ये निधन झालं. १९८२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीची व्याख्याने द्यायला केंब्रिजने चंद्रशेखर यांनाच बोलावलं. त्यांनी ग्रहणाची मोहीम सांगितली, ताऱ्यांचं काम सांगितलं, १९३५ चा वादही लपवला नाही, आणि त्या व्याख्यानांच्या पुस्तकात सायकलच्या आकड्याची पत्रंही आहेत.