गोंगाटातून स्वर शोधणारा गणिती : नॉर्बर्ट वीनर

वसतिगृहाच्या खोलीतून घरी फोन लावला, की आईचा आवाज कधी स्वच्छ येतो, तर कधी खरखरीत बुडून जातो. भिंतींवर, छपरांवर आपटून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि मूळ संदेश बिघडतो, असे एकदा भौतिकशास्त्राच्या सरांनी समजावले. हा गुंता सोडवणाऱ्या गणितामागचे एक मोठे नाव नॉर्बर्ट वीनर, हेही त्यांनीच सांगितले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. गणिताशी माझे फारसे सख्य नाही. तरीही या माणसाचे चरित्र वाचता वाचता मी त्यात गुंतत गेले.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात झाला. वडील लिओ हे हार्वर्डला स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक. त्यांनी मुलाला घरीच, कडक शिस्तीत शिकवले. आठव्या वर्षी नॉर्बर्टचे डोळे अधू झाले. डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले. तेव्हा तो मनातल्या मनात गणिते सोडवू लागला. अकराव्या वर्षी महाविद्यालय, चौदाव्या वर्षी पदवी, अठराव्या वर्षी डॉक्टरेट! मात्र हे यश मुलाचे नसून शिकवणीचे आहे, असे वडील जाहीरपणे सांगत. हा सल त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

१९१९ पासून ते मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यापुढे प्रश्न आला, तो विमानवेधी तोफांचा. शत्रूचे विमान काही क्षणांनी कोठे असेल, हे सदोष निरीक्षणांवरून कसे ओळखावे? संदेशाला आणि गोंगाटाला आपापल्या सरासरी सवयी असतात. त्या जाणून, चुकांच्या वर्गांची सरासरी कमीत कमी राहील अशी गाळणी त्यांनी गणिताने बांधली. रशियात कोल्मोगोरोव्ह यांनीही स्वतंत्रपणे असाच विचार केला होता. वीनर यांचा १९४२ चा अहवाल मात्र गुप्त राहिला.

आज अनेक अँटेना असलेल्या यंत्रणेत प्रत्येक अँटेनाला वेगळे मिश्रण ऐकू येते. मिश्रणाचे गणित नुसते उलटे फिरवले, तर कधी कधी गोंगाटच वाढतो. म्हणून प्रत्येक अँटेनाच्या साक्षीला योग्य वजन देऊन मूळ संदेश वेगळा काढतात. तत्त्व तेच!

हिरोशिमानंतर मात्र वीनर बदलले. क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या एका संशोधकाने त्या अहवालाची प्रत मागितली. त्यांनी ती नाकारली. तो नकार १९४७ च्या जानेवारीत छापून आला. यापुढे लष्करासाठी संशोधन करणार नाही, हा निर्धार त्यांनी पाळला. १९४८ साली त्यांचा ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ निघाला. १९५५-५६ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अध्यापन केले. १८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले.

तो अहवाल १९४९ मध्ये सर्वांसाठी छापला गेलाच. मग त्या नकाराने काय साधले, असे माझी मैत्रीण विचारते. मला वाटते, ज्ञान अडवता येत नसेलही. पण आपला हात त्याला कोठे लागावा, हे ठरवता येते. फोनवर आईचा आवाज स्वच्छ आला, की मला त्या माणसाची आठवण होते.