डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस : एक सत्यनिष्ठ लोकसेवक

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करणें उचित होय. ह्या निमित्तानें, रोगपीडितांची सेवा हाच आपल्या अधिकाराचा हेतु मानणाऱ्या एका कॅथलिक वैद्याचें अल्पचरित्र आम्ही लोणी देवकर येथील वाचकांपुढें ठेवीत आहों.

डॉ. व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजीं गोव्यांतील हडफडें गांवीं झाला. १८८० सालीं ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले. पुढें गोदीलगतच्या मांडवी भागांत त्यांचा दवाखाना होता, आणि १८८८ पासून ते मुंबई म्युनिसिपालिटीचे सभासदही होते. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी आणि त्यांस लागून दाटीवाटीच्या, अंधाऱ्या चाळी.

१८९६ च्या सप्टेंबरांत तेथील कांहीं रोग्यांस प्रखर ताप व जांघेंत गांठ, अशीं चिन्हें त्यांस आढळलीं. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असें ओळखून २३ सप्टेंबर रोजीं त्यांनीं तें म्युनिसिपालिटीच्या स्थायी समितीपुढें मांडलें. हें सांगणें सोपें नव्हतें. प्लेगचें नांव निघतांच परदेशची बंदरें मुंबईच्या मालास बंद होणार, व्यापार बसणार व लोक शहर सोडणार, हें सर्वांस दिसत होतें. पुष्कळांस तें निदान पटेना; परंतु तज्ज्ञांच्या तपासणीनंतर तें खरें ठरलें.

सत्य सांगून ते बाजूला झाले नाहींत. गलिच्छ वस्त्यांच्या सफाईसाठीं व उंदरांच्या नाशासाठीं त्यांनीं मोहीम उभारली. जानेवारी १८९७ मध्यें डॉ. हाफकिन यांनीं प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतली. ही लस व्हिएगस यांनीं स्वहस्तें सुमारें १८,००० लोकांस टोंचली असें सांगतात.

त्याच वर्षीं आमच्या पुणें जिल्ह्याचा अनुभव निराळा होता. पुण्यांत गोऱ्या शिपायांकडून घरझडत्या झाल्या, लोक संतप्त झाले, आणि २२ जून १८९७ रोजीं प्लेग अधिकारी रँड यांजवर गोळ्या झाडण्यांत आल्या. रोग एकच, परंतु धाकानें दुखणीं लपविलीं जातात, विश्वासानें तीं उघड होतात. २०२० सालीं करोनाच्या सांथींतही हाच धडा आपणांस पुन्हां गिरवावा लागला.

१९०६ सालीं व्हिएगस मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. हा मान मिळविणारे ते पहिले एतद्देशीय ख्रिस्ती होत. १९३३ सालीं ते निवर्तले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे.

पदावर चढल्यावर अप्रिय सत्य गिळण्याचा मोह कोणास होत नाहीं? ग्रामपंचायतींत, शाळेंत, दवाखान्यांत अथवा ख्रिस्तसभेंत ज्यांच्या हातीं अधिकार आहे, त्या सर्वांस, आम्हां धर्मगुरूंसही, हें चरित्र बोधप्रद होवो. दुखण्याचें खरें नांव घेण्याचें धैर्य आणि त्या दुखणाइताच्या उशाशीं बसण्याची दया, हीं दोन्हीं परमेश्वर आपणांस देवो.