कायदेमंडळातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. परंतु त्यापूर्वी वीस वर्षे ते कायदेमंडळात आले होते आणि तेथे त्यांनी मांडलेली महत्त्वाची विधेयके मंजूर होऊ शकली नव्हती, याचे स्मरण क्वचितच केले जाते. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या जीवनाची ही बाजू वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी मुंबई, न्यूयॉर्क व लंडन येथे विद्या संपादन केली. १९२७ साली ते सरकारनियुक्त सभासद म्हणून मुंबई कायदेमंडळात दाखल झाले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत, असा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव याच मंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. तरीही महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तेथे जावे लागले. ठराव ही सभागृहाची शिफारस असते. कायद्याचे बंधन तिला नसते.

म्हणून बाबासाहेबांनी कायद्याची वाट धरली. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मांडले. तुटपुंज्या वतनाच्या मोबदल्यात महार कुटुंबांना रात्री-अपरात्री राबावे लागे. त्या बांधिलकीतून सुटण्याचा मार्ग त्यात होता. विधेयक सादर होते, त्याच्या तत्त्वावर चर्चा होते, प्रवर समिती छाननी करते, मग कलमवार विचार व अखेरचे मतदान होते. या वाटेवर कोठेही बहुमताची साथ सुटली की विधेयक अडते. वतनाचे विधेयक सरकारचा पाठिंबा न मिळाल्याने मागे घ्यावे लागले. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते या नात्याने त्यांनी कोकणातील खोती नष्ट करणारे विधेयक आणले. जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चाही निघाला. विधेयक मात्र संमत झाले नाही.

या अपयशांनी बाबासाहेब सभागृहापासून दूर गेले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांनी मजूर खाते सांभाळले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेची मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या व २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रत्येक आक्षेप ऐकून घेणे, ग्राह्य तो स्वीकारणे, अग्राह्य तो सकारण नाकारणे, हे काम त्यांनी प्रकृती साथ देत नसताना केले. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमांची घटना स्वीकृत झाली.

स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू संहिता विधेयक हाती घेतले. विवाह, घटस्फोट, वारसा व दत्तक यांत स्त्रीला न्याय्य हक्क देणारे हे विधेयक संसदेत रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

आता या विधेयकांचे पुढे काय झाले, ते पाहू. खोती १९४९ च्या अधिनियमाने नष्ट झाली. महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या अधिनियमाने रद्द झाली. हिंदू संहितेचे विषय १९५५ व १९५६ मध्ये चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने आले. त्यांपैकी दत्तक व निर्वाहाचा शेवटचा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी झाला. त्याच्या पंधरा दिवस आधी, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते.

आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी वतनाचे ते ओझे वाहिले आहे. ते उतरवणारा कायदा होण्यास पहिल्या विधेयकापासून तीस वर्षे लागली. आमच्या विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांच्या प्रतिमेला पुष्प वाहताना या तीस वर्षांचाही विचार करावा. ग्रामसभेपासून संसदेपर्यंत कोठेही बसण्याची संधी मिळाली, तर मसुदा बारकाईने वाचावा, मत निर्भयपणे नोंदवावे आणि आजच्या पराभवाने खचून जागा सोडू नये. बाबासाहेबांना आमच्या मते हेच खरे अभिवादन ठरेल.